परतीचे दोर

आमच्या घरी दोन कालनिर्णय लागतात. एक स्वयंपाकघरात. त्यावर दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, बाईंचे खाडे. दुसरं माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर. त्यावर मी फक्त पेन्सिलीनं लिहिते, कारण माझ्या तारखा सारख्या खोडाव्या लागतात.

मी एका मोबाइल कंपनीत सॉफ्टवेअर अपग्रेडचं नियोजन करते. बावीस वर्षं झाली, तरी नातेवाइकांच्या लेखी मी 'टॉवरमध्ये' आहे. लग्नाच्या हॉलमध्ये रेंज गेली की पंगतीतली दहा डोकी माझ्याकडे वळतात. टॉवरशी माझा संबंध नाही हो. टॉवरच्या मागे जे असतं ते माझं. कुठला नंबर या क्षणी कुठल्या भागात आहे याची नोंदवही सांभाळणारं एचएलआर, कॉल जोडणारी एक्स्चेंजेस, एसएमएस पोचवणारं केंद्र, आणि तुम्ही बोलत असताना तुमच्या प्रीपेडमधले पैसे कापत राहणारं चार्जिंग. या सगळ्या वस्तू आता आतून निव्वळ सॉफ्टवेअर आहेत आणि सॉफ्टवेअर शिळं होतं. व्हेंडरचं, म्हणजे ते बनवून देणाऱ्या कंपनीचं, पत्र येतं की अमुक व्हर्जनचा सपोर्ट अमुक महिन्यात बंद. तिथून माझं काम सुरू.

अपग्रेड करायचं हे एका मेलमध्ये ठरतं. कधी करायचं, यात दोन-दोन महिने जातात. गणपतीचे दहा दिवस नाही. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला आणि गिरगावला इतके फोन एका जागी जमतात की त्या दिवशी कशाला हातच लावायचा नाही. आषाढी जवळ आली की पंढरपूरकडचं काही हलवायचं नाही, तिथे आधीच चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे असतात. नवरात्र नाही, दिवाळी नाही, महिन्याची पहिली तारीख नाही, दहावी-बारावीचा निकाल नाही, आयपीएलची फायनल नाही. 31 डिसेंबर तर विचारूच नका. दिवाळीला आणि नववर्षाला एसएमएस पॅक चालत नसत, ते 'ब्लॅकआउट डे' आठवतात का? ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे वर्षात जास्तीत जास्त पाच. तुम्ही तेव्हा कंपन्यांना लुटारू म्हणत होतात. ते असेलही, पण आमचं एसएमएस सेंटर त्या रात्री खरोखर गुडघे टेकायचं हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

एवढं सगळं वगळून एखादी तारीख उरली की व्हेंडर सांगतो, आमचा या विषयातला माणूस तेव्हा रजेवर आहे. युरोपातला माणूस असेल तर ऑगस्ट विसराच.

म्हणून माझ्या हिशेबी वर्षातला सगळ्यात शुभ काळ म्हणजे पितृपक्ष. लग्नं नाहीत, खरेदी नाही, मार्केटिंगवाले नवी स्कीम काढत नाहीत, वरिष्ठांना कशाचं उद्घाटन करायचं नसतं. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना, मधले पंधरा दिवस माझे. एका जुन्या साहेबांना हे अजिबात पटायचं नाही, 'पितृपक्षात नवं व्हर्जन?' म्हणून ते नारळ वाढवायला लावायचे. उदबत्ती मात्र डेटा सेंटरच्या दाराबाहेर लावावी लागायची. आत धूर ओळखणारी यंत्रणा असते. तिला देव कळत नाही.

आमच्याकडे या कामाला 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणतात. 'आज रात्री अ‍ॅक्टिव्हिटी आहे' असं सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे बघितलं होतं. अ‍ॅक्टिव्हिटी रात्री, म्हणजे कमीत कमी लोकांची गैरसोय. पूर्वी साडेअकराला सुरू करता यायची, तेव्हा अकरानंतर देश झोपायचा. आता एक वाजेपर्यंत लोक रील बघत पडलेले असतात. रात्र सुरुवातीकडून आक्रसली, पण सकाळ काही पुढे सरकली नाही. पाच वाजता पेपरवाले, दूधवाले, पहिली लोकल पकडणारे उठतातच. हातात राहतात चार तास.

या चार तासांसाठी जो कागद करायचा त्याला एमओपी म्हणतात. कुठली कमांड, कुणी, किती वाजता, तिचं उत्तर काय यायला हवं आणि ते नाही आलं तर काय. साठ-सत्तर पानं होतात. नवीन मुलं तो कागद पहिल्या पानापासून लिहायला घेतात. मी शेवटून सुरुवात करते. पाच वाजता सगळं पूर्ववत हवं. जुन्या व्हर्जनवर परत यायला, म्हणजे रोलबॅकला, 75 मिनिटं लागतात हे लॅबमध्ये मोजलेलं आहे. दुसरीकडे वळवलेलं ट्रॅफिक, म्हणजे लोकांचे कॉल आणि डेटा, जागेवर आणायला 15. आणि काहीतरी होतंच, त्यासाठी 20. झाले 110. पाचातून एक तास पन्नास मिनिटं गेली की उरले तीन वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिते. 3:10 ला सगळ्या टेस्ट पास नसतील तर मागे फिरायचं. सापडतंय, होत आलंय, दोनच मिनिटं, यातलं काहीही त्यानंतर ऐकायचं नाही.

बाकी साठ पानांवर मी वाटाघाटी करते. या एका ओळीवर करत नाही.

रोलबॅक म्हणजे जुनी फाइल परत ठेवली, झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी चार्जिंगचं अपग्रेड केलेलं नसतं. प्रोग्राम जुना करता येतो, डेटाचं काय? समजा एक वाजता आपण सगळ्यांच्या बॅलन्सची प्रत काढून ठेवली आणि अपग्रेड केलं. अडीच वाजता नाशिकमधल्या एका मुलानं 239 चा रिचार्ज मारला. तीन वाजता आपण जुन्या प्रतीवर परत गेलो. त्या मुलाचे 239 गेले कुठे? बँकेतून कापले गेलेत आणि आपल्याकडे त्याची आठवणच नाही. म्हणून अपग्रेड सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक रिचार्ज, प्रत्येक कापलेला पैसा वेगळ्या नोंदीत धरून ठेवायचा आणि मागे फिरल्यावर जुन्या व्हर्जनला तो पुन्हा वाचून दाखवायचा. नव्या व्हर्जननं नोंदीचा साचाच बदलला असेल, तर जुन्याला ती भाषा कळत नाही. मागे फिरायचे दोर कापले जातात ते इथे, आणि कापताना आवाज होत नाही. एमओपीत एक साधी ओळ असते, 'डेटाबेस नव्या साच्यात रूपांतरित करा'. ती 3:10 च्या आधी येते की नंतर, हे मी सगळ्यात आधी बघते.

मागे फिरणं ही सोपी गोष्ट आहे असंही मी म्हणणार नाही. 2 जुलै 2022 ला जपानच्या केडीडीआय कंपनीत मध्यरात्रीनंतर एक राउटर बदलत होते. कामाला चुकीची कार्यपद्धती-पुस्तिका वापरली गेली, रस्त्याची नोंद चुकली, पंधराएक मिनिटं आवाजाचे कॉल अडले. त्यांनी नियमाप्रमाणे जुन्या मार्गावर परत नेलं. आणि तिथेच खरं संकट सुरू झालं. तेवढ्या वेळात तुटलेले सगळे फोन एकदम 'मी इथे आहे' म्हणून नोंदणी करायला धावले, नोंदणीची यंत्रणा गुदमरली, मग तिच्यामागची ग्राहकांची नोंदवही बिघडली. पूर्ववत व्हायला 61 तासांच्या वर गेले. पंढरपूरच्या दर्शनबारीचं दार पंधरा मिनिटं बंद ठेवून एकदम सताड उघडलं तर काय होईल, तसं. तेव्हापासून आमच्या एमओपीत परतीच्या वाटेवरही ट्रॅफिक थोडं थोडं सोडायचं असतं, आधी 5 टक्के, मग 20, मग उरलेलं. वरच्या हिशेबात ते 15 मिनिटांचं कलम आहे ना, त्याचं कारण हे.

माझ्या स्वतःच्या कमाईचा धडा मात्र जपानचा नाही, कळव्याचा आहे.

साल 2012. आम्ही तेव्हा कळव्याला राहायचो. एका एक्स्चेंजचं अपग्रेड होतं, माझ्या नियोजनातलं तोवरचं सगळ्यात मोठं. रात्र लोण्यासारखी गेली. 26 टेस्ट कॉल ठरवलेले, 26 पास. इकडून तिकडे, प्रीपेडवरून पोस्टपेडला, लँडलाइनला, दुसऱ्या कंपनीला, पोर्ट केलेल्या नंबरला. पाचला ब्रिजवर, म्हणजे रात्रभर चालू असलेल्या सामूहिक कॉलवर, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, ऐरोली नाक्यावर आम्ही वडापाव खाल्ला, मी घरी जाऊन मेल्यासारखी झोपले.

दुपारी नॉकमधून फोन. नॉक म्हणजे जिथून चोवीस तास नेटवर्कवर नजर असते ती खोली. 'मॅडम, एक गंमत आहे. कस्टमर केअरला तक्रार आलीय, मिस्ड कॉल लागत नाही.' मागे हसण्याचा आवाज. मीही हसले. कॉल लागत नाही ही तक्रार असते. मिस्ड कॉल लागत नाही ही कसली तक्रार? दुसऱ्या दिवशी तशा चाळीसेक झाल्या. आलेखांवर सगळं हिरवं होतं, लागलेल्या कॉलचं प्रमाण पूर्वीइतकंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला खालून हाक आली. आमचे दूधवाले काका. 'ताई, तीन दिवस मिस कॉल देतोय! तुम्ही उतरतच नाही, दूध वॉचमनकडे ठेवून जातो.' पातेलं घेऊन खाली गेले आणि म्हटलं, द्या बरं आत्ता. त्यांनी त्यांचा कीपॅडचा फोन काढला, माझा नंबर लावला, कानाला लावला. सासूबाईंच्या आग्रहाखातर माझ्या नंबरला गणपतीच्या आरतीची कॉलर ट्यून होती. ती मला त्यांच्या फोनमधून ऐकू येत होती. 'सुखकर्ता दुखहर्ता' झालं, 'वार्ता विघ्नाची' झालं, काकांनी सवयीनं कॉल कापला. माझा फोन माझ्या हातात होता. तो वाजलाच नव्हता.

मी तिथे पातेलं धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. पूर्वी काय व्हायचं, आधी समोरचा फोन वाजायला लागायचा आणि मग इकडे ट्यून सुरू व्हायची. नव्या व्हर्जननं क्रम उलटा केला होता. आधी ट्यूनच्या सर्व्हरला जोडायचं म्हणजे ग्राहक शांततेत ताटकळत नाही, आणि दरम्यान समोरचा फोन शोधायचा. त्यात काही सेकंद जायचे. बोलायला फोन करणाऱ्याला काही फरक पडत नव्हता. पण मिस्ड कॉल देणारा दोन ओळी ऐकतो आणि कापतो. त्याच्या मते मिस्ड कॉल गेला, प्रत्यक्षात कुठेच काही वाजलं नाही. आणि आमच्या 26 टेस्ट? प्रत्येकीत समोरच्यानं फोन उचलला होता. 'हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?' फोन न उचलता कापायची टेस्ट कुणी लिहिलीच नव्हती. त्या कॉलचे कंपनीला पैसे मिळत नाहीत, मग त्याची आठवण कुणाला असणार? आणि अर्ध्या देशाचं दळणवळण तेव्हा त्यावर चालत होतं. रिक्षा खाली आली, पोहोचले, ये घ्यायला, आईला सांग जेवून घे म्हणावं.

रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या व्हर्जनबरोबर येणाऱ्या बदलांच्या माहितीत, ते लिहिलेलं होतं. जवळजवळ शेवटी, बदललेल्या डीफॉल्टच्या तक्त्यात, एक ओळ. मी तो तक्ता वरवर वाचला होता. पॅरामीटर जुन्यासारखा करायला एक कमांड लागली, पण त्या कमांडची परवानगी मिळवण्यात आणखी एक दिवस गेला. तेव्हापासून रिलीज नोट्स मी शेवटून वाचते, एमओपी शेवटून लिहिते, आणि आमच्या टेस्टच्या यादीत 27 व्या क्रमांकावर 'दूधवाला' आहे. मध्यंतरी व्हेंडरच्या चेन्नईच्या टीमनं अगदी गंभीरपणे विचारलं, की हा कुठला प्रोटोकॉल.

दुसऱ्यांच्या अपयशाचे अहवाल वाचायचा मला नाद आहे. कुणी गुन्हेकथा वाचतं, मी हे. आतापर्यंत सगळ्यात जास्त वेळा वाचला असेल तो कॅनडाच्या रॉजर्सचा. तारीख 8 जुलै 2022, म्हणजे जपानच्या घटनेला आठवडाही झाला नव्हता. आयपी कोअरचं, म्हणजे सगळं ट्रॅफिक जिथून जातं त्या नेटवर्कच्या गाभ्याचं, अपग्रेड सात टप्प्यांत आखलेलं, पाच टप्पे सुखरूप पार पडलेले, सहावा चालू. पहाटे पावणेपाचच्या सुमारास एका राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला. त्या फिल्टरनं अडवलेल्या मार्गांच्या नोंदींचा लोंढा कोअर राउटरांवर आला आणि ते बसले. 1 कोटी 20 लाखांहून जास्त ग्राहक, मोबाइल, इंटरनेट, लँडलाइन, सगळं. दुकानांत डेबिट कार्ड चालेना. 911 चे, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरचे, कॉलही अडकले, कारण टॉवर जिवंत होते, त्यामुळे फोन त्यांनाच चिकटून बसले, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्ककडे वळले नाहीत. दुरुस्ती करणाऱ्यांना राउटरपर्यंत पोहोचायचा रस्ता त्याच बसलेल्या नेटवर्कमधून होता. त्यांचे स्वतःचे फोनही त्याच कंपनीचे.

पण मला त्यात खटकलं ते दुसरंच. या कामाची जोखीम सुरुवातीला 'उच्च' धरलेली होती. आधीचे टप्पे नीट पार पडल्यामुळे त्यांच्या पद्धतीनं ती 'कमी'वर आणून ठेवली, आणि त्यामुळे सहाव्या टप्प्याला वरची कडक तपासणी लागलीच नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण हेच मी केलेलं आहे. चारदा सुखरूप झालेल्या कामाच्या फॉर्मवर पाचव्यांदा 'लो' लिहिताना हात अडखळत नाही. सिंहगडाच्या पायऱ्या चारदा उतरलो म्हणून पाचव्यांदा दरी उथळ होत नाही, हे कळतं सगळ्यांना, पण फॉर्म भरताना वेळ असते रात्री आठची आणि घरी जायची घाई.

त्यानंतर मी आणि माझ्या टीममधल्या प्रत्येकानं दुसऱ्या कंपनीचं एक सिम घेतलं. आमच्या साहेबांना हे कमीपणाचं वाटलं होतं. सिमचे पैसे अजून मंजूर झालेले नाहीत, आम्हीच भरतो.

उलट बाजूचं एक उदाहरण सांगते, म्हणजे मी फक्त रडतेय असं वाटायला नको. 6 डिसेंबर 2018 ला एरिक्सन या व्हेंडरच्या एका सॉफ्टवेअरमधलं सर्टिफिकेट, म्हणजे ते वैध असल्याचा डिजिटल दाखला, मुदत संपून गेलं. सॉफ्टवेअर कित्येक महिने छान चाललेलं, त्या दिवशी अचानक बंद. इंग्लंडमध्ये ओटूचे कोट्यवधी ग्राहक डेटावाचून दिवसभर बसले. जपानच्या सॉफ्टबँकेलाही तोच फटका बसला, पण ते 4 तास 25 मिनिटांत बाहेर आले. कसे? जुन्या व्हर्जनवर परत गेले. महिनोन् महिने उलटल्यावरही त्यांचा मागे जायचा रस्ता शाबूत होता. लोक अपग्रेड झाल्यावर महिन्याभरात 'जागा खातंय' म्हणून जुनं व्हर्जन पुसून टाकतात. माझ्याकडे मागायला आले की मी त्यांना सॉफ्टबँकेची गोष्ट सांगते. ते ऐकतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागायला येतात.

आता या वर्षीची गोष्ट. हे सगळं लिहायला बसले ती तिच्यामुळे.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातली रात्र, प्रीपेड चार्जिंगचं अपग्रेड. दोन केंद्रांपैकी एकावरचं ट्रॅफिक दुसऱ्याकडे वळवलं, रिकाम्या केंद्रावर नवं व्हर्जन चढवलं, मग थोडंसं ट्रॅफिक त्यावर सोडलं. 2:40 ला टेस्ट सुरू. कॉल ठीक, डेटा ठीक, दूधवाला ठीक. रिचार्ज करून बघितले तर बारा-पंधरातून एखादा दोनदा जमा होत होता. दुकानदाराला 'फेल' दिसतं, तो पुन्हा मारतो, ग्राहकाला दोन्ही मिळतात. ऐकायला छान आहे, पण सकाळी सातनंतर महाराष्ट्रभरचे दुकानदार कंपनीच्या पैशानं दानधर्म करत बसले असते आणि नंतर ते पैसे लोकांच्या बॅलन्समधून परत काढून घ्यावे लागले असते. ते एकदा करून बघा म्हणजे शिव्यांचा शब्दसंग्रह वाढतो.

2:55 ला व्हेंडरचा मुलगा म्हणाला, 'लॉगमध्ये काहीतरी दिसतंय, मॅडम, दहा मिनिटं.' हुशार मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ब्रिजवर अठ्ठावीस माणसं होती आणि कुणीच बोलत नव्हतं, फक्त कुणाच्या तरी घरातल्या पंख्याचा आवाज. 3:04 ला साहेबांनी विचारलं, 'काय करायचं?' मी म्हटलं, सहा मिनिटं आहेत. 3:09 ला तो मुलगा ओरडलाच, 'सापडलं! टाइमआउटची किंमत चुकलीय. बदलतो, चार मिनिटं.' टाइमआउट म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मर्यादा.

माझ्या फोनवर 3:10 चा अलार्म लावलेला असतो. तो वाजला, तोही ब्रिजवर सगळ्यांना ऐकू गेला. मी म्हटलं, 'रोलबॅक सुरू करा.'

तीन-चार सेकंद काहीच नाही. मग साहेब, हळू आवाजात, 'अगं, सापडलंय तो म्हणतोय.' मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आवाज कापरा होता, कबूल करते. 4:37 ला आम्ही जुन्या व्हर्जनवर होतो, मधल्या वेळेतले रिचार्ज पुन्हा वाचून दाखवून झाले होते, एकाचाही पैसा हरवला नव्हता. वीस मिनिटांच्या कलमातली तेरा मिनिटं एका विसरलेल्या बॅकअपनं खाल्ली. रोजचा बॅकअप अडीचला आपोआप सुरू होतो, तो थांबवायची ओळ माझ्या एमओपीतून राहिली होती. ती चूक निखळ माझी.

त्या मुलाचं म्हणणं लॅबमध्ये तपासलं. ते बरोबर निघालं. टाइमआउटच होता आणि चार मिनिटांतच सुटला असता. पहाटे तो बदल झाला असता तर अपग्रेड त्याच रात्री पूर्ण झालं असतं आणि आज ते कुणाला आठवलंही नसतं.

आढावा बैठकीत हे सगळ्यांसमोर आलं. साहेब चांगले आहेत, चिडले नाहीत, हसून म्हणाले, 'सूर्याजीनं दोर कापले म्हणून गड आला, आणि तू दोर सांभाळत बसलीस.' खोली हसली. चौथीच्या इतिहासातला तो प्रसंग आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेला आहे, त्याला उत्तर देणं कठीण. मला उत्तर सुचलं ते घरी येताना, ठाणे-वाशी लोकलमध्ये, नेहमीसारखं उशिरा. कोंढाण्यावर वर चढलेला प्रत्येक जण लढायलाच आला होता. आमच्या गडावर रात्री तीन वाजता कोट्यवधी माणसं झोपलेली असतात. त्यातल्या एकालाही ठाऊक नसतं की आत्ता लढाई चालू आहे. त्यांचे दोर मी कोण कापणार?

आणि दुसरं, जे बैठकीत म्हणायला हवं होतं: 3:09 ला 'सापडलं' म्हणणारे मी बावीस वर्षांत खूप ऐकलेत. त्यातल्या काहींना खरंच सापडलेलं असतं. कुणाला, हे 3:09 ला कळत नाही.

किंमत मात्र मोजावी लागली. पुढची तारीख मार्चअखेरमुळे गेली, मग आयपीएल, मग व्हेंडरचा माणूस, मग आषाढी, मग गणपती आले. सपोर्ट डिसेंबरला संपतोय. दर सोमवारच्या आढाव्यात माझ्या नावासमोर लाल ठिपका असतो आणि नवीन आलेला एक मॅनेजर तो दाखवताना माझ्याकडे बघत नाही, म्हणजे मुद्दाम बघत नाही. टाइमआउटची किंमत आता बरोबर आहे. बॅकअप थांबवायची ओळ सहाव्या पानावर आहे. लॅबमधला रोलबॅक 75 वरून 68 मिनिटांवर आलाय, तरी मी 3:10 तशीच ठेवलीय. साहेबांनी 3:17 का नाही म्हणून विचारलंच.

तारीख मिळालीय, पितृपक्षातली, मंगळवारची रात्र. माझ्या कालनिर्णयावर ती पेन्सिलीनं आहे. काल रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर तिथल्या कालनिर्णयावर त्याच चौकटीत नवऱ्याचं अक्षर दिसलं. 'दूध अर्धाच लि. ही रात्री नाही.' पेनानं लिहिलंय.